स्वमग्न मुलांचे वर्तन : हट्ट नव्हे, अडचण

शाळेची घंटा वाजली की एखादे मूल दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून कोपऱ्यात जाऊन बसते. नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. “तुला पाणी हवे का?” असे विचारले, तर “तुला पाणी हवे का?” हेच शब्द परत ऐकू येतात. शिक्षकांना ते मूल उद्धट वाटते आणि शेजाऱ्यांना लाडावलेले. पुष्कळदा ही लक्षणे स्वमग्नतेची असतात.

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतील जन्मजात फरक होय. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे मत प्रचलित होते. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली त्याचे खंडन केले. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटाही स्पष्ट झाला. तरीही आईला बोल लावण्याची रीत आपल्याकडे अद्याप सुटलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

अशा मुलाच्या वर्तनामागे कारण असते. ते शोधावे लागते. इतरांना सहज सोसवणारा आवाज, झगमगाट किंवा नव्या कपड्याचा स्पर्श त्याला असह्य होऊ शकतो. रोजची वाट बदलली, बसण्याची जागा दुसऱ्याला दिली, तरी ते बिथरते. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते की नाही, याचा कानोसा घेते आणि वस्तू मिळताच शांत होते. स्वमग्न मुलाचा आक्रोश मात्र बघे पांगले तरी थांबत नाही, कारण तो त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. त्या वेळी रागावणे किंवा छडी उगारणे म्हणजे त्रासात भर घालणे होय. (शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे.) गलबल्यापासून दूर, शांत जागी बसू दिल्यास ते हळूहळू सावरते. हात हलवणे, डुलणे यांनीही त्याला पुष्कळदा धीर येतो; ते बळेच थांबवू नये.

दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर दाखवणे, बदल आधी सांगणे, सूचना एका वेळी एकच देणे, यांस खर्च जवळजवळ नाही. सर्व मुले सारखी नसतात, हेही ध्यानात असावे. एखादे बोलतच नाही, तर एखादे एस.टी.चे वेळापत्रक तोंडपाठ म्हणते.

हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या मुलाची श्रवणतपासणी प्रथम करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. त्यांना असे मूल आवर्जून दाखवावे. अंगारे-धुपारे करण्यात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि भाषा शिकण्याची वर्षे नेमकी तीच असतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारणे शासनमान्य शाळेस या कायद्यानुसार करता येत नाही.