त्याग करावा तो आपल्या वाट्याचा

सज्जनहो, तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण चरित्रकार सांगतात, आधी त्यांनी धाकटे बंधू कान्होबांची निम्मी खते त्यांच्या हाती दिली; बुडविली ती आपल्या वाट्याची. त्याग करावा तो स्वतःच्या वस्तूचा! बहिणीला भरीस घालून हक्कसोडपत्रावर सही घेणे, हा त्याग कोणाचा? २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडीलधाऱ्यांनी बुद्धी शाबूत आहे तोवर मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. मात्र त्यातही द्यावयाचा तो आपलाच वाटा. गळ्यात माळ आणि भावंडांत दावा, हे वारकऱ्याला शोभत नाही. रामकृष्ण हरि!