घेवड्यावरील रोगांची ओळख व त्यांचा बंदोबस्त

घेवडा हें थोडक्या मुदतीचें व बरा पैसा देणारें पीक आहे. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवकडचा वाघ्या घेवडा तर इतका नांवाजलेला आहे कीं, २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु या पिकाचें बी बहुतेक शेतकरी घरचेंच राखतात, आणि बियाण्याबरोबर रोगही घरांत राखले जातात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पान पिवळें पडलें कीं दुकानांतून मिळेल तें औषध आणून फवारावयाचें, असा प्रघात पडला आहे. रोग एक व औषध दुसरें, असें झाल्यावर पैसा जातो आणि पीकही जातें. म्हणून रोग कोणत्या वाटेनें आला हें आधीं ओळखावें, व मग उपायास लागावें, एवढेंच आम्ही या लेखांत सांगणार आहों.

घेवड्यावर रोग तीन वाटांनीं येतात : बियाण्यांतून, जमिनींतून, आणि वाऱ्याबरोबर.

बियाण्यांतून येणारे रोग

यांत पहिला करपा. हा बुरशीचा रोग असून थंड व पावसाळी हवेंत फैलावतो. पान उलटून पाहिल्यास शिरा तांबूस-काळ्या झालेल्या दिसतात. शेंगेवर खोलगट, काळपट डाग पडतात व त्यांची कड तांबूस असते. हवा दमट असल्यास डागाच्या मध्यभागीं गुलाबीसर चिकट पदार्थ दिसतो. तींच रोगाचीं बीजें होत. पावसाच्या थेंबांबरोबर तीं उडतात व ओल्या पिकांतून फिरणाऱ्या माणसांच्या कपड्यांस लागून शेतभर पसरतात. शेंगेवरील डाग आंत उतरला म्हणजे बुरशी दाण्यांत शिरते, व पुढील हंगामांत रोप उगवतांच डोकें वर काढते.

दुसरा जिवाणूंचा करपा. यांत पानावर प्रथम पाणी शोषल्यासारखे बारीक ठिपके पडतात. पान उजेडाकडे धरलें असतां हे ठिपके तेलकट दिसतात. पुढें ते वाळतात व भोंवतीं पिवळी कड राहते. बुरशीनाशक औषधांचा या रोगावर उपयोग होत नाहीं. ताम्रयुक्त औषधानें प्रसार कांहींसा मंदावतो, परंतु रोगट झाड बरें होत नाहीं.

तिसरा केवडा किंवा मोझॅक. हा विषाणूंचा रोग आहे. पानावर फिकट व गर्द हिरव्या रंगाची चित्रविचित्र नक्षी उमटते, पानें खालीं वळतात, झाड खुरटतें व शेंगा थोड्या धरतात. रोगट झाडाच्या कांहीं दाण्यांतून विषाणु पुढील पिकांत जातो, आणि मग मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. यावर कोणतेंही औषध नाहीं. असें झाड दिसतांच उपटून नाहींसें करावें. पान भडक पिवळ्या चट्ट्यांनीं भरलेलें असल्यास तो मात्र निराळा केवडा समजावा. तो पांढऱ्या माशीमुळें पसरतो, बियाण्यांतून येत नाहीं.

जमिनींतून येणारे रोग

रोपें एकाएकीं माना टाकूं लागलीं तर एखादें मुळासकट उपटून पाहावें. मूळ कुजून तांबूस-काळें झालें असेल, किंवा बुडाशीं पांढरे तंतु व मोहरीएवढे दाणे दिसले, तर ती मूळकूज होय. पाणी सांचूं देऊं नये, उन्हाळ्यांत खोल नांगरट करावी, व दोन-तीन वर्षें त्या शेतांत ज्वारी-बाजरीसारखें तृणधान्य घ्यावें.

वाऱ्याबरोबर येणारे रोग

तांबेऱ्याची परीक्षा बोटानें होते. पानाखालचे फोड चोळले असतां बोटास विटकरी भुकटी लागते. करप्याच्या डागापासून असें कांहीं निघत नाहीं. भुरींत पानावर पांढरी भुकटी दिसते. या दोहोंवर गंधकाचा चांगला उपयोग होतो. पाण्यांत मिसळणारा गंधक १० लिटर पाण्यास २५ ग्रॅम घेऊन फवारावा. भर उन्हांत मात्र गंधक वापरूं नये, पानें भाजतात.

बियाण्याची निगा

वरील पहिले तीन रोग घेवड्याचें सर्वांत अधिक नुकसान करतात, आणि त्या तिघांचें मूळ बियाण्यांत आहे. म्हणून खरा बंदोबस्त पेरणीपूर्वींच झाला पाहिजे.

पुष्कळ जण मळणीनंतर दाणे निवडून बी ठेवतात. ही रीत अपुरी आहे. पांढऱ्या दाण्यावर रोगाचा डाग चटकन् दिसतो. परंतु वाघ्या घेवड्याचा दाणा मुळांतच रेघांचा असल्यामुळें डाग रेघांत लपून जातो. शिवाय केवड्याचा विषाणु असलेला दाणा दिसण्यांत निरोगी असूं शकतो. यास्तव निवड दाण्यावरून न करतां उभ्या पिकांतच करावी.

शेतांतील जोमदार भाग बियाण्यासाठीं आधींच राखून ठेवावा. फुलें येण्यापूर्वीं, शेंगा भरतांना व काढणीच्या अगोदर, असा तीन वेळां तो पाहावा. केवड्याचीं व जिवाणूंच्या करप्याचीं झाडें प्रत्येक वेळीं उपटावीं. काढणीच्या वेळीं डाग नसलेल्या शेंगाच हातानें तोडाव्या, त्या निराळ्या वाळवाव्या व निराळ्या मळाव्या. खळ्यांतील एकत्रित राशींतून बी घेऊं नये.

ज्यांच्यापाशीं पाण्याची सोय आहे, त्यांनीं बियाण्यासाठीं रब्बींत एक लहानसा तुकडा सरींतून पाणी देऊन करावा. पाऊस नसला म्हणजे करपा फैलावत नाहीं. अमेरिकेंत आयडाहो व कॅलिफोर्निया येथील कोरड्या प्रदेशांत कालव्याच्या पाण्यावर घेवड्याचें बियाणें करतात, त्याचें एक मोठें कारण हेंच आहे. मात्र रब्बींत माव्यावर नजर ठेवावी.

पेरणीपूर्वीं दर किलो बियाण्यास थायरम ३ ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम चोळावें. थायरम लावलेलें बी खाण्यांत अगर जनावरांच्या चाऱ्यांत चुकूनही जाऊं देऊं नये.

उभ्या पिकांत करप्याचे पहिले डाग दिसतांच मॅन्कोझेब १० लिटर पाण्यास २५ ग्रॅम या प्रमाणानें फवारावें; पाऊस चालू राहिल्यास दहा-बारा दिवसांनीं पुन्हां फवारावें. औषध घेण्यापूर्वीं कृषि खात्याची चालू शिफारस विचारावी, आणि हिरव्या शेंगा बाजारांत न्यावयाच्या असल्यास वेष्टनावर दिलेली मुदत पाळावी. झाडें ओलीं असतां खुरपणीस किंवा तोडणीस मजूर पिकांत घालूं नयेत. दंव अगर पाऊस सुकेपर्यंत थांबावें. रोगट पाला शेतांत न ठेवतां जाळावा अगर खोल पुरावा, व त्या जागीं निदान दोन वर्षें घेवडा घेऊं नये.

डागाळलेला दाणा व्यापारी कमी भावानें घेतो, हें नुकसान एका वर्षाचें झालें. परंतु तोच दाणा पेरला म्हणजे नुकसान पुढील वर्षासही लागू होतें, आणि आपलें जुनें वाण बिघडलें असें समजून शेतकरी तें टाकून देतो. वाण पुष्कळ वेळां चांगलेंच असतें. तें रोगट बियाण्यामुळें वाईट ठरतें. या हंगामांत प्रत्येक घेवडेकऱ्यानें चार सऱ्या तरी बियाण्यासाठीं निराळ्या राखून पाहाव्या, आणि पुढील वर्षीं त्या बियाण्याचें व राशींतील बियाण्याचें पीक शेजारीं शेजारीं पेरून फरक स्वतः तपासावा, अशी आमची शिफारस आहे.