हाड मोडलेला रुग्ण आणि अंथरूण

उसाच्या गाडीवरून पडलेला मजूर असो वा न्हाणीघरात पाय घसरलेली आजी असो, सातारा व सांगली जिल्ह्यांतील हाड मोडलेला रुग्ण बहुधा सातारा, कऱ्हाड किंवा मिरजेची वाट धरतो. मिरजेला तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून शस्त्रक्रियेची परंपरा आहे. पुढे तेथेच डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी रशियन शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांची पद्धत रुजविली. हाडातून आरपार घातलेल्या तारा बाहेरील कड्यांना ताणून बांधावयाच्या या पद्धतीत, हाड जुळत असतानाच रुग्णाने त्या पायावर भार देऊन चालावे अशी अपेक्षा असते.

घरी आल्यावर मात्र 'हलू नकोस' हाच उपचार ठरतो. मोडलेला भाग स्थिर हवा हे खरे. पण त्यासाठी सारे शरीर निश्चल ठेवण्याचे कारण नाही. उताण्या पडून राहिलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर व टाचांवर सतत दाब येतो, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या रीतीने सुमारे दर दोन तासांनी कूस बदलावी, पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवावी. लाल झालेली कातडी चोळू नये. रबरी कडे किंवा चुंबळ तर मुळीच नको. तिच्या काठाने दाब वाढतोच. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवल्यास गुडघा वाकलेलाच आखडतो.

घरोघरी आढळणारी आणखी एक चूक पाण्याची. वारंवार भांडे द्यावे लागू नये म्हणून पाणी कमी दिले जाते; रुग्णही संकोचाने मागत नाही. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा उद्भवतो. दीर्घ श्वास घेणे, खोकून कफ काढणे, शक्य तेवढे उठून बसणे यांनी फुप्फुसे मोकळी राहतात.

सर्वांत घातक म्हणजे पायातील शिरेत होणारी रक्ताची गुठळी. पाऊल वरखाली हलविण्याचा व्यायाम ती टाळण्यास साहाय्यक ठरतो. एका पोटरीला सूज व वेदना आल्यास तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अकस्मात धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्वरित बोलवावी. प्लास्टर वा हाडवैद्याच्या कामट्यांखालील बोटे बधिर, गार किंवा निळसर झाल्यासही सकाळची वाट पाहू नये.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे केले जाते. घरी वॉकर नसल्याने ते पुन्हा बाजेवर पडतात. ग्रामपंचायतीने एक वॉकर व एक कमोडची खुर्ची घेऊन गरजूंना आळीपाळीने दिली, तर हा अडसर बराचसा दूर होईल. मात्र वॉकरची उंची प्रत्येक रुग्णागणिक बदलून घ्यावी लागते. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या पातळीस यावी.