बाईक अपघाताचा क्लेम : कंपनीच्या पहिल्या आकड्याला ‘हो’ म्हणण्याआधी



मागच्या व्हिडिओत होलसेलवाल्याशी भाव कसा करायचा ते बघितलं. आजची घासाघीस वेगळी आहे. इथे माल नसतो, तुमचा मोडलेला हात असतो आणि समोर विमा कंपनी. आपल्यातल्या बहुतेकांचा धंदा बाईकवर चालतो. एकट्याचं दुकान असेल तर मालक तीन महिने घरी बसला की शटरही तीन महिने खाली. नोकरदाराला निदान रजा तरी असते. म्हणून हा विषय धंद्याच्या धड्यांतच घेतलाय.

आधी एक गोंधळ दूर करू. अपघातानंतर दोन वेगळे क्लेम असू शकतात. एक तुमच्या स्वतःच्या पॉलिसीवर, आणि दुसरा, चूक समोरच्याची असेल तर त्याच्या गाडीच्या विमा कंपनीवर. लोक पहिल्यावर भांडत बसतात, आणि मोठी रक्कम असते दुसऱ्यात.

पहिला पटकन उरकू. गाडीच्या दुरुस्तीत घसारा ठरलेला असतो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कपात, काचेवर शून्य, आणि लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. झिरो डेप घेतलं असेल तरच हे वाचतं. सर्व्हेअरशी या टक्केवारीवर वाद घालू नका, ती बदलणार नाही. बोलायचं असेल तर ‘हा पार्ट दुरुस्त होणार नाही, बदलावाच लागेल’ यावर बोला, आणि गॅरेजवाल्याकडून ते लेखी घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हरही इथेच येतं, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. जुळून आलेल्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही.

आणि हो, खासगी बाईकच्या पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही. दुकानाची डिलिव्हरी रोज त्याच गाडीवर करत असाल तर आजच पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा आणि एजंटला विचारा. अपघात झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता दुसरा क्लेम. हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अर्ज ६ महिन्यांच्या आत करायचा हे डोक्यात पक्कं ठेवा. रस्त्यावरच दहा हजार घेऊन मिटवलं आणि पोलिसात नोंदच केली नाही, तर पुढे हातात काहीच उरत नाही. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, सगळं एका फाइलमध्ये. जागेचे फोटोसुद्धा, कारण ‘अर्धी चूक तुमचीच होती’ हे कंपनीचं ठरलेलं वाक्य आहे. ते मान्य झालं तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते.

रक्कम कशी ठरते ते समजलं की अर्धी बोलणी तुमच्या हातात आली. कायमचं अपंगत्व आलं तर हिशोब असा : वार्षिक उत्पन्न, त्यात भविष्यातली वाढ, गुणिले वयाचा गुणक, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के घटली ते. गुणक सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातून येतो. वय ३१ ते ३५ असेल तर १६, ३६ ते ४० असेल तर १५. स्वतःचा धंदा असलेल्या ४० वर्षांखालच्या माणसाला भविष्यातली वाढ ४० टक्के धरतात, ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालामुळे.

समजा, ३४ वर्षांचा मोबाईल रिपेअरिंगवाला. उजवं मनगट नीट वळत नाही, कमाईची क्षमता २० टक्के घटली. हातात पडतात महिन्याला ३० हजार, पण कागद एकही नाही. मग न्यायाधिकरण अंदाजाने धरणार. समजा १५ हजार धरले, तर रक्कम येते ८,०६,४०० रुपये. तोच माणूस ३० हजारांचा आयटीआर दाखवू शकला तर १६,१२,८००. अपघात तोच, हात तोच. फरक ८ लाखांचा.

आपले लोक टॅक्सच्या भीतीने उत्पन्न कमी दाखवतात. अहो, आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे धंद्याच्या कमाईला कर शून्य येतो. मग लपवताय कशासाठी? आयटीआर मात्र दरवर्षी वेळेत भरा. अपघातानंतर घाईने भरलेल्याकडे संशयाने बघतात. जोडीला जीएसटी रिटर्न, उद्यम नोंदणी, यूपीआयचे पैसे येतात त्या खात्याचं स्टेटमेंट. बंद काळात दुकानात माणूस ठेवला असेल तर त्याचा पगार रोख देऊ नका, बँकेतून द्या. तोही खर्च मागता येतो.

टक्क्यांचंही तसंच. डॉक्टरांच्या दाखल्यावर हाताचं अपंगत्व लिहिलेलं असतं, पण मोजायचं असतं ते धंद्यावर काय परिणाम झाला. मनगट वळलं नाही तर हिशोबनीसाचं काम बरंचसं चालेल, सोल्डरिंग करणाऱ्याचं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. ‘मी हाताने नेमकं काय काम करतो’ हे वकिलाला एका पानावर लिहून द्या, साक्षीत उपयोगी पडतं.

कायद्यातली नवी तरतूद अशी की कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे तडजोडीची ऑफर द्यायची. तुम्ही ‘हो’ म्हटलं तर तीच रक्कम नोंदवली जाते, ‘नाही’ म्हटलं तर केस पुढे चालते. बीबीएत आम्हाला बॅटना शिकवायचे, म्हणजे बोलणी फिसकटली तर तुमच्याकडे दुसरं काय आहे. इथे दुसरं म्हणजे निकाल. तो लांबतो, पण वर व्याज मिळतं, बहुधा ६ ते ९ टक्के. म्हणून ऑफर आली की तिचा तपशील मागा : उत्पन्न किती धरलं, टक्के किती, चूक माझी किती. ‘साहेब, थोडं वाढवा ना’ म्हणू नका. ‘उत्पन्न १८ हजार कसं धरलं, हे तीन वर्षांचे आयटीआर’ असं म्हणा. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यायचं.

लोकअदालतीत लवकर मिटतं, पैसेही लवकर येतात. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही, आणि सहा महिन्यांनी परत ऑपरेशन निघालं तर मागता येणार नाही. उपचार संपले, डॉक्टरांनी अपंगत्वाचा दाखला दिला, की मगच त्या टेबलावर बसा.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा क्लेम अडला असेल तर रस्ता वेगळा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.