लिमिट भरायला नसतं

अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून नीट लिहून पाठवते. "आत्या, कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, एक दिवस उशीर नाही, तरी सिबिल ७९० वरून ७३२ वर कसं आलं?" बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली तेव्हा हाच प्रश्न टेबलापलीकडून किती जणांनी विचारला असेल. विचारणारे बहुतेक तुझ्यासारखेच असायचे. कमाई बरी, वागणं चोख, आणि कार्ड गळ्यापर्यंत भरलेलं.

तुझंच कार्ड घे. लिमिट ६० हजार. दिल्लीत आराकशान रोडच्या गेस्ट हाउससाठी सदर बाजारातून चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या, मग गिऱ्हाइकांच्या टॅक्सी, कुणाचं विमानाचं तिकीट, असं करत महिन्याला ५१ हजार कार्डावर चढतात. बिल निघतं १२ तारखेला आणि तू भरतोस पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. तुझ्या हिशेबात उधारी शून्य. पण स्कोअर काढणारी कंपनी दोन वेगळ्या गोष्टी बघते. पैसे मुदतीत आले का, ही एक. आणि बँकेने ज्या दिवसाचा आकडा पाठवला, त्या दिवशी तुझ्या नावावर किती देणं उभं होतं, ही दुसरी. पहिलीत तुला पैकीच्या पैकी. दुसरीत ६० पैकी ५१ हजार, म्हणजे ८५ टक्के वापर. तू ते १ तारखेला फेडणार आहेस हे तुला माहीत. १२ तारखेच्या आकड्यावर तसं लिहिलेलं नसतं.

पूर्ण भरणाऱ्याला ही शिक्षा कशाला, असं तुला वाटणार. शिक्षा नाही ती, अंदाज आहे. तू सांगलीचा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा देतात, ४५ वर धोका म्हणतात. ४० फुटांना बहुतेकांची घरं कोरडीच असतात, तरी नदीकाठचे लोक सामान माळ्यावर चढवायला लागतात, कारण आता वर जायला जागा थोडी उरली. कर्ज देणारा तुझ्या ८५ टक्क्यांकडे त्याच नजरेने बघतो. उद्या दोन आठवडे खोल्या रिकाम्या राहिल्या, कुणी आजारी पडलं, तर या माणसाकडे हात मारायला जागा कुठे आहे? कार्ड काठोकाठ वापरणाऱ्यांचे हप्ते पुढे जास्त चुकतात, असा कर्ज देणाऱ्यांचा अनुभव, आणि स्कोअरचं गणित अशाच अनुभवावर उभं आहे.

मी लग्न होऊन पहाडगंजात आले तेव्हा असं गणित कुणी मांडत नव्हतं. चुना मंडीतला किराणावाला महिन्याचं सामान वहीत लिहून द्यायचा, कारण आम्ही कुठल्या गल्लीत राहतो आणि मुलं नूतन मराठी शाळेत जातात एवढं त्याला ठाऊक होतं. बृहन्महाराष्ट्र भवनात नव्याने उतरलेल्या पोराला खोली हवी असली की ओळखीचा कुणीतरी शब्द टाकायचा आणि काम व्हायचं. त्या वहीला डोळे होते, पण ते फक्त ओळखीच्या माणसाला बघायचे. २००० साली मुंबईत सिबिल निघाली, २००५ साली क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि आता देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान. तुझं गाव, आडनाव, शाळा यातलं काही तिथे मोजत नाहीत. मला ही पद्धत जास्त न्यायाची वाटते, तुझ्या काकांना वाटत नाही. ते असो.

आता काय करायचं ते सांगते.

बिल निघायच्या आधी पैसे भर. मुदतीच्या आधी भरणं वेगळं आणि बिल निघायच्या आधी भरणं वेगळं. १० तारखेला ॲपमधून ३५-४० हजार कार्डावर टाक. १२ ला बिल ११-१६ हजारांचं निघेल, ते नेहमीसारखं मुदतीत पूर्ण भर. तुझ्या धंद्यात हे सोपं आहे, कारण पाहुण्यांचे पैसे रोज येतात आणि नुसते बचत खात्यात पडून राहतात. दर सोमवारी आठवड्याचा खर्च कार्डावर वळता केलास तरी चालेल. मात्र आधी टाकलेल्या पैशांच्या भरवशावर मुदतीची तारीख विसरू नकोस. बिलावर उरलेला आकडा, अगदी ४०० रुपयांचा असला तरी, वेळेत गेला पाहिजे.

यात अलीकडे एक भर पडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती महिन्यातून एकदा नव्हे, पंधरवड्याला पाठवतात: १५ तारखेची स्थिती आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसाची स्थिती. म्हणून फक्त १२ तारखेवर डोळा ठेवून भागणार नाही. १३ आणि १४ तारखेला सदर बाजारात ४० हजारांची खरेदी केलीस, तर १५ ला कार्ड पुन्हा फुगलेलं दिसू शकतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत परदेशी पाहुण्यांची गर्दी असते आणि तुझी खरेदीही तेव्हाच वाढते, त्या दिवसांत तर जास्तच सांभाळ. बिलाची तारीख धंद्याला सोयीची नसेल तर बदलून घे. निदान एकदा ती बदलायची मुभा बँकेने दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

किती टक्के ठेवायचं? ३० टक्क्यांच्या आत, असं सगळे सांगतात, मीही सांगायची. पण तो आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, आणि या कंपन्या आपलं पूर्ण सूत्र कुणाला दाखवत नाहीत. ३१ झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, २९ झाले म्हणून कुणी पेढे देत नाही. कमी तितकं बरं एवढं धर. ६० हजारांच्या लिमिटवर १८ हजारांच्या खाली, आणि कर्जाचा अर्ज टाकायचा असेल त्याआधीचे दोन-तीन महिने १० हजारांच्या खाली.

लिमिट वाढवून घेणं हा दुसरा रस्ता. खर्च तेवढाच राहिला आणि लिमिट दीड लाख झालं, तर ५१ हजार म्हणजे ३४ टक्केच. तुझ्या उघड संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, त्यामुळे ॲपमध्ये विचारणा आली तर ती वाचून हो म्हण. पण हा सल्ला मी सगळ्यांना देत नाही. वाढलेलं लिमिट पगारवाढीसारखं साजरं करणारे लोक मी पाहिलेत. सहा महिन्यांत तेही काठोकाठ भरतात आणि टक्केवारी होती तिथेच येते, फक्त देणं अडीचपट झालेलं असतं. तुझा हात तसा सैल नाही म्हणून तुला सांगते.

ते जुनं कार्ड, ज्यावर वर्षाला चार वेळा पेट्रोल भरतोस, ते बंद करायचं म्हणत होतास. थांब. त्याचं लिमिट ४० हजार. दोन्ही कार्डं मिळून एक लाख, त्यात खर्च ५१ हजार, म्हणजे ५१ टक्के. जुनं बंद केलंस की तोच खर्च पुन्हा ८५ टक्क्यांवर. शिवाय सगळ्यात जुना इतिहास त्याच कार्डावर आहे. वर्षाची फी जबर असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर राहू दे, आणि अधूनमधून वापर, कारण वर्षभराहून जास्त न वापरलेलं कार्ड तुला कळवून बँक स्वतःच बंद करू शकते. थोडी खरेदी त्याच्यावर वळवलीस तर आणखी चांगलं. एक कार्ड ८५ टक्के आणि दुसरं शून्य, यापेक्षा दोन्ही मधल्या पातळीवर असलेली बरी दिसतात.

मोबाइलचं 'नो कॉस्ट' ईएमआय घेतलंस, त्याचंही ऐक. हप्ता सहा हजारांचा असला तरी पहिल्या दिवशी फोनच्या पूर्ण किमतीएवढं लिमिट अडकतं आणि हप्त्याहप्त्याने सुटतं. ३६ हजारांच्या फोनने तुझं अर्ध्याहून जास्त कार्ड एका दुपारी व्यापलं. हप्ता लहान दिसतो म्हणून हे लक्षात येत नाही.

तशीच ती क्यूआरची सवय. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि तू जोडलंयस. मेन बाजारातला चहा, इम्पीरियल सिनेमासमोरचे छोले भटुरे, रामकृष्ण आश्रम मेट्रोपाशी रिक्षा, सगळं कार्डावर. खिशातून नोट गेली की कळतं, स्कॅन केलेलं कळत नाही. रोजच्या चिल्लर खर्चाला बँक खातंच जोडलेलं ठेव.

किमान रकमेच्या वाटेला जाऊ नकोस. बिलावर ती ठळक छापतात, लोकांना वाटतं तेवढी भरली की झालं. भरली तर रिपोर्टमध्ये उशिराचा डाग पडत नाही हे खरं. पण बाकीचं देणं तसंच उभं, म्हणजे टक्केवारीही तशीच, आणि वर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. नव्या खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवसही तोवर बंद. कार्डावरून रोख काढशील तर व्याज पहिल्या दिवसापासून. गेस्ट हाउसच्या भाड्याला पैसे कमी पडले तर मला फोन कर, कार्डाला हात लावू नकोस.

एक दिलासा देते. फुगलेलं कार्ड आणि चुकलेला हप्ता यांत मोठा फरक आहे. किती दिवस उशीर झाला याची महिनावार नोंद रिपोर्टमध्ये ३६ महिने दिसत राहते. कार्डाची पातळी उतरली की मात्र पुढच्या एक-दोन पंधरवड्यांच्या माहितीत ती उतरलेलीच जाते आणि स्कोअरही हळूहळू सावरतो. म्हणून ७३२ बघून घाबरण्यासारखं काही नाही. घाबरून तू एका आठवड्यात चार बँकांकडे कर्जाची चौकशी केलीस ते मात्र बरं नाही केलंस. प्रत्येक अर्जागणिक बँक तुझा रिपोर्ट मागवते, त्याची नोंद होते, आणि पुढचा विचारतो की याला एवढी घाई कसली. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढून बघण्याने स्कोअर कमी होत नाही, तो हवा तेव्हा बघ.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही आकड्यात सांगते. तुला उत्तम नगरला फ्लॅट घ्यायचाय, कर्ज २५ लाख, मुदत २० वर्षं. बऱ्याच बँका स्कोअर बघून व्याजदर ठरवतात. साडेआठ टक्क्यांना हप्ता साधारण २१,७०० येतो, नऊ टक्क्यांना साधारण २२,५००. अर्ध्या टक्क्याचे महिन्याला ८०० रुपये, वीस वर्षांत एक लाख ९० हजारांहून जास्त. तुझे बाबा म्हणतील, मुख्यमंत्र्यांनी बँकांना सिबिल मागू नका म्हणून बजावलंय. ते मे २०२५ मध्ये देवेंद्र फडणवीस बोलले ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या पीक कर्जाबद्दल होतं. दिल्लीतल्या फ्लॅटला त्याचा उपयोग नाही. उलट २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची बातमी छापून आली होती, मुलाचं सिबिल बघून मुलीकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडल्याची. मला तो आचरटपणा वाटला. पण तुझं अजून जमायचंय, एवढंच म्हणते.

"सिबिल ठीक करून देतो, पाच हजार द्या" असे मेसेज येतात ना, ते पुसून टाक. बँकेने पाठवलेली खरी माहिती पैसे घेऊन कुणी बदलू शकत नाही, आणि चुकीची असेल तर दुरुस्ती फुकट होते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत द्यायचा असा नियम आहे. चारही काढ. कार्डाच्या पानावर लिमिट किती दाखवलंय ते आधी बघ. बँकेने वाढवलेलं लिमिट रिपोर्टमध्ये कधीकधी जुनंच राहिलेलं असतं, आणि टक्केवारी उगाच जास्त निघते. मग शिल्लक देणं आणि ते कुठल्या तारखेचं, हे तपास. चूक दिसली तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाक. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुला मिळायला हवी.

चारही रिपोर्ट छापून रविवारी घेऊन ये, सकाळी अकरापर्यंत, नंतर मला भवनात जायचंय. फ्लॅटच्या कर्जाचा अर्ज तोपर्यंत कुठेही टाकू नकोस.