आजोबांचा हीटर लावून पाहू का?

प्रश्न : आजोबांच्या महाबळेश्वरच्या घरातला तांब्याच्या परातीसारखा हीटर मिळालाय. वायर कापडी, पिना दोनच. लावू का?
– एक वाचक, कोवलम (चेन्नई)

उत्तर : नका लावू. हा परावर्तक हीटर. मधल्या चिनीमातीच्या दांड्यावर नायक्रोमची तार असते. दोन पिना म्हणजे अर्थिंग नाही, आणि परात धातूची! कापडाखालचं रबर इतक्या वर्षांत तडकतं, कोवलमची खारी हवा जोड गंजवते. तारेजवळ पांढरट तंतुमय थर दिसला तर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. घासू नका, फुंकरही मारू नका. असा थर नसेल तरच जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांची नवी उष्णतारोधक वायर बसवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून घ्या. १००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर ओढतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको. तोवर आठवण म्हणून कपाटावर ठेवा.