मजुरीची वही व कामवार हिशेब

धानाच्या शेतींत खत व बियाणें यांचा खर्च दुकानदाराच्या पावतीवरून कळतो. मजुरीचा खर्च मात्र पुष्कळांच्या केवळ स्मरणांत राहतो. जे वही ठेवितात तेही बहुधा ‘बायका 12’ एवढेंच लिहितात. माणसें किती आलीं हें त्यावरून समजतें, पण तीं कोणत्या कामास लागलीं हें समजत नाहीं.

तहसील कचेरींत हजेरीपट तपासण्यांत माझी बहुतेक नोकरी गेली, तरी हीच चूक मीं स्वतःच्या दोन एकरांत केली. रोवणीचे दोन दिवस 12 बायका होत्या. 24 रोज रोवणीच्या नांवें लिहिले. पुढील सालीं त्याच आंकड्यावर रोवणी ठोक बोलीनें, म्हणजे आमच्याकडील हुंड्यानें, दिली. काम सुरू होतांना उमगलें कीं, हुंडा केवळ रोवणीचा. परे उपटण्याची मजुरी निराळी. आदल्या सालीं पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत बायका परेच काढीत होत्या. म्हणजे 24 पैकीं 6 रोज रोवणीचे नव्हतेच, आणि ते मीं दोनदां भरले. शिवाय निंदणाच्या वेळीं एका बाईचा अर्धा रोज लिहावयाचा राहिला. ती भांडली नाहीं. दुसऱ्या वर्षीं आली मात्र नाहीं. ऐन रोवणींत एक हात कमी पडणें म्हणजे काय, हें मूल-सिंदेवाहीकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको.

महाराष्ट्राचा 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलांत आला. त्या कामांवर हजेरीपट व मोजमाप-पुस्तक अशीं दोन दप्तरें असत. एकांत माणूस, दुसऱ्यांत खोदलेली माती. शेतकऱ्यानें हीं दोन्ही एकाच वहींत आणावीं. तारीख, नांव, काम, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, आणि किती बांध्या झाल्या, एवढीं घरें पुरेत. नोंद त्याच सायंकाळीं, मजुरास वाचून दाखवून करावी. आठवड्यानें आठवून लिहिलेली वही न लिहिल्याहून वाईट, कारण तिच्यावर विश्वास बसतो.

हल्लीं कांहीं संस्था संगणकावर टॅलीसारख्या प्रणालींत हिशेब ठेवितात. तींत प्रत्येक कामास ‘कॉस्ट सेंटर’ या नांवाखालीं निराळें खातें करितां येतें; रोवणी, निंदण, बोडीचा गाळ असा खर्च मग आपोआप वेगळा पडतो. मजुरीच्या भागांत हजेरीवर व उत्पादनावर अशा दोन्ही रीतींनीं मोजदाद होते. हा भेद गडचिरोलीच्या वाचकांस नवा नाहीं. तेंदूच्या फळीवर तास कोणी मोजीत नाहीं. 70 पानांचा पुडा, व असे 1000 पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. हुंड्याचें कामही असेंच मापावर लिहावें, नाहींतर त्यांत खोटे तास भरावे लागतात. परे काढण्याचे 6 रोज वहींतच रोवणीवर पडले असतील, तर संगणक ते शोधून देत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

घरच्या माणसांचे श्रम आपण लिहितच नाहीं. हमीभावाच्या शिफारसीसाठीं खर्च काढितांना केंद्रीय कृषि खर्च व मूल्य आयोग मात्र ते धरितो. त्यावरून यंदा मीं पत्नीचें नांव वहींत घातलें. निंदणांत तिचे रोज कोणाही मजुरापेक्षां अधिक निघाले.